पोटखराबा

त्या शहराचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
वैजू हसते. म्हणते, बाबा, शेवटचं अक्षर गिळायचं.
मी पहिलंच गिळतो.

पण चौक मी मोजून आणलाय.
लांबी एकशे चौसष्ट पावलं, रुंदी एकशे एकोणचाळीस.
माझं पाऊल अडीच फुटांचं, नोकरीतलं,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही घटलेलं नाही.
म्हणजे तीन एकर अकरा गुंठे,
मधल्या राजासकट.

खांब बघा, वैजू म्हणाली. बघितले.
अंगावर उभ्या पन्हळी, डोक्याला दगडी पानं,
आणि ऊन प्रत्येक पन्हळीत वेगळं उतरलेलं.
अडीचशे वर्षांत एकही खांब
ओळीतून बोटभर सरकलेला नाही.
मी मान डोलावली.
ज्याने ही रेघ धरली त्याचा हात
थंडीत, साहेब ओरडत असताना
हलला नव्हता.
त्याचं नाव कुठे नव्हतं. राजाचं होतं, चारी बाजूंनी.

मग मी विचारलं, याआधी इथे काय होतं?
वैजूने वाकून पाटी वाचली.
काही नव्हतं, बाबा.
दोन वस्त्यांच्या मधली ओसाड जागा. थोडी दलदल.

काही नव्हतं.
हे अक्षर माझ्या ओळखीचं आहे.
खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात
तेहतीस फुटांची साखळी ताणून
मी ते किती वह्यांत लिहिलं,
मिशा काळ्या होत्या तेव्हा.
भात पिकतं ते लागवडीखाली.
बाकीचं, म्हणजे बांध, ओहोळ, खळं,
दुपारी माणसं आडवी व्हायची ती चिंच,
सगळं एका रकान्यात:
पोटखराबा.
अक्षर चांगलं होतं माझं. साहेब दाखवायचे इतरांना.

खारघरला आमच्या सेक्टरच्या चौकातही खांब आहेत.
गोल, पांढरे, डोक्याला पानंसुद्धा.
कुणीतरी नकाशावर हौसेने काढले असणार.
एकाला टेम्पो घासून गेलाय, एकावर
क्लासची जाहिरात आहे, शंभर टक्के निकाल.
डॉक्टरांनी चार हजार पावलं सांगितलीत,
ती मी रोज सकाळी इथे फेडतो.

पोशीबाई घरत टेम्पोवाल्या खांबाला टेकून बसते.
पाटीत अळू, घोसाळी, फडक्याखाली सोडे.
आज तिला त्या चौकाचं सांगितलं,
राजा, पानं, तीन एकर अकरा गुंठे.
अळूची जुडी बांधता बांधता तिने विचारलं,
'आनी तिथं आदी कोन व्हता?'

कोण.
मी काय विचारलं होतं.

कोणी नव्हतं म्हणतात, मी म्हणालो.
ती हसली. तळवा खांबावर आपटला.
'असा? मंग हितं बी कोन नव्हता.
आमचा खला व्हता हितं.'

केवढं होतं, असं तोंडातून निघून गेलं,
सवयीने.
तिने बसल्या जागेवरून हात फिरवला,
पाटी, फुटपाथ, सिग्नल, समोरचा एटीएम.
'चार बैल फिरतील येवरा.'

साखळी कुणी धरली होती ते मी सांगितलं नाही.
तिनेही विचारलं नाही,
किंवा विचारायची गरज नसेल.
वीस रुपयांच्या जुडीवर तिने
चार पानं वरून घातली, नेहमीसारखी.

घरी येऊन जुनी आकडेमोड आठवत बसलो.
चार बैलांचं मला काढता येईना.
पोटखराब्याची बेरीज एकत्र असते,
त्यात खळं किती, चिंचेची सावली किती,
हे वेगळं लिहायची पद्धत नव्हती.

अळू चिरायचं राहिलं तसंच.
वैजूच्या गावी अजून उजाडलं नसेल,
म्हणून फोन न करता लिहिलं:
उठलीस की जरा बघ,
त्या दलदलीला काही नाव होतं का.